दुसऱ्या गावातील प्रत

जमिनीचे खरेदीखत ज्या ट्रंकेत आहे त्याच ट्रंकेत त्याची नक्कल ठेवून निर्धास्त झोपणाऱ्या माणसाला आपण शहाणा म्हणणार नाही. घराला आग लागली तर दोन्ही कागद जळतील, हे सांगावयास वकील लागत नाही. परंतु संगणकाचा प्रश्न आला की हे साधे शहाणपण आपण, म्हणजे मी आणि माझ्यासारखी संगणक शिकविणारी मंडळी, सहज विसरतो. प्रस्तुत लेख हे अशाच एका विसराळूपणाचे प्रायश्चित्त आहे असे समजावे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका महाविद्यालयात होतो. तेथील मराठी आणि कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सीमाभागातील खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या आणि बीसुकल्लाची कन्नड पदे ध्वनिमुद्रित केली होती. काही आजीबाई तर दोन्ही भाषांत गात. एक ओवी मराठी, लगेच पुढचे पद कन्नड. हे सारे मुद्रण ठेवण्यासाठी मी प्रयोगशाळेत एक सर्व्हर उभा केला आणि शेजारच्या टेबलावरील यंत्रात त्याची प्रतिकृती आपोआप होत राहील अशी व्यवस्था केली. एकात लिहिले की क्षणात दुसऱ्यात उमटे. "सर, आता काही जाणार नाही," असे मी प्राचार्यांना छातीठोकपणे सांगितले होते.

एके दुपारी एका विद्यार्थ्याने डिस्कवर जागा करण्यासाठी, दुबार समजून, एक फोल्डर पुसून टाकला. चूक लक्षात आली तेव्हा तो म्हणाला, "सर, दुसऱ्या यंत्रावर प्रत आहे ना?" दुसऱ्या यंत्राने आपले काम चोख बजावले होते. पहिल्यात जे पुसले गेले ते त्यानेही पुसले होते. मुलांच्या मोबाइलमध्ये राहिलेली काही मुद्रणे परत मिळाली. बाकीची गेली ती गेलीच. त्यांत गायिलेल्या दोघी आजी तोवर वारल्या होत्या. मुलाची चूक लहान होती. व्यवस्था माझी होती आणि मोठी चूक तिच्यात होती.

ती चूक नेमकी कोणती, आणि आज तीच व्यवस्था कशी करावी, हे पुढे क्रमाने सांगतो.

आभासी सर्व्हर म्हणजे काय?

पूर्वी एका कामाला एक यंत्र असे. निकालाचा सर्व्हर वेगळा, ग्रंथालयाचा वेगळा, संकेतस्थळाचा वेगळा. यांतील प्रत्येक यंत्र दिवसाचा बराच वेळ रिकामेच बसे. आता एकाच दणकट यंत्रावर हायपरव्हायजर नावाची आज्ञावली बसवितात. ती त्या यंत्राचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क अनेक आभासी सर्व्हरांना वाटून देते, आणि प्रत्येक सर्व्हर आपण स्वतंत्र यंत्र असल्यासारखा वागतो. एकाच वाड्यात चार बिऱ्हाडे नांदावीत तसा हा प्रकार. कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली होती. आपल्या नेहमीच्या संगणकांसाठी व्हीएमवेअरचे ईएसएक्स २००१ साली आले, आणि २००७ साली केव्हीएम ही सोय लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाली.

या पद्धतीचा एक तोटा आणि एक मोठा फायदा आहे. तोटा असा की वाडा पडला तर चारही बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतात. फायदा असा की आभासी सर्व्हरची संपूर्ण डिस्क ही हायपरव्हायजरच्या दृष्टीने बहुधा एक मोठी फाइल असते. तिच्यात कार्यप्रणाली, आज्ञावल्या, मांडणी आणि माहिती असे सगळे आले. त्या फाइलची नीट प्रत घेतली तर अख्ख्या सर्व्हरची प्रत झाली. मूळ यंत्र जळाले तरी तशाच हायपरव्हायजरच्या दुसऱ्या यंत्रावर ती चालू करता येते.

मात्र "नीट प्रत" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. चालू सर्व्हरची फाइल सारखी बदलत असते. नकलायला दहा वाजता सुरुवात केली आणि साडेदहाला संपली, तर प्रतीचा आरंभ दहाचा आणि शेवट साडेदहाचा, अशी विसंगत वस्तू हाती येते. म्हणून आधी स्नॅपशॉट घेतात, म्हणजे त्या क्षणाची डिस्क गोठवून नव्या नोंदी बाजूला लिहितात. त्याआधी सर्व्हरच्या आत बसविलेला एक छोटा कारभारी, ज्याला गेस्ट एजंट म्हणतात, कार्यप्रणालीला सांगतो की मेमरीत रेंगाळलेल्या नोंदी डिस्कवर उतरवून घे. डेटाबेस असेल तर त्यालाही अशी सूचना जावी लागते. एवढे केले नाही तर मिळणारी प्रत म्हणजे चालू यंत्राची वायर अचानक उपटल्यावर डिस्कवर जे उरेल ते होय.

येथे एक इशारा देतो. स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर, मूळ फाइलच्या आधारानेच उभा असतो. डिस्क गेली की तोही गेला.

रेप्लिकेशन आणि बॅकअप

कोणतीही व्यवस्था करण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. अपघात झाल्यास किती वेळात काम पुन्हा सुरू व्हावयास हवे? आणि किती वेळापूर्वीपर्यंतची माहिती गमावणे परवडेल? निकालाच्या आठवड्यात पहिल्याचे उत्तर "एक तास" असेल, एरवी "दोन दिवस" चालेल. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या एका दिवसाच्या नोंदी पुन्हा भरता येतील. परीक्षेच्या गुणांच्या भरता येणार नाहीत. ही उत्तरे सर्व्हरगणिक वेगळी असतात, आणि ती संगणक विभागाने एकट्याने न देता कार्यालय, ग्रंथपाल व परीक्षा विभाग यांना विचारून ठरवावीत.

रेप्लिकेशन, म्हणजे सतत होणारी प्रतिकृती, पहिल्या प्रश्नासाठी आहे. मूळ सर्व्हरमधील बदल दुसऱ्या यंत्रावर पोहोचत राहतात; पहिला बंद पडला की दुसरा थोड्या वेळात उभा करता येतो. तिचे दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही ठिकाणी नोंद झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानत नाहीत. दुसऱ्यात बदल साठवून ठराविक अंतराने पाठवितात. प्रॉक्समॉक्स या मुक्त प्रणालीत हे अंतर, आपण बदलले नाही तर, पंधरा मिनिटांचे असते. म्हणजे अपघातात जास्तीत जास्त सुमारे पंधरा मिनिटांचे काम जाईल.

बॅकअपचे काम निराळे आहे. तो कालची, गेल्या आठवड्यातील, गेल्या महिन्यातील अशा अनेक क्षणांच्या प्रती वेगवेगळ्या जपून ठेवतो. प्रतिकृतीला फक्त "आत्ता" ठाऊक असते. त्यामुळे मूळ प्रतीत चूक झाली, कोणी काही पुसले, एखाद्या घातक आज्ञावलीने फाइली कुलूपबंद केल्या, तर प्रतिकृती तेही इमानाने उतरवून घेते.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलेवरून नक्कल होताना अपपाठ शिरत गेले, आणि ते पुढच्या प्रत्येक नकलेत उतरत राहिले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली, ती निरनिराळ्या प्रती ताडून पाहून. सर्व प्रती एकमेकींच्या ताज्या नकला असत्या तर ताडून पाहावयाला काही उरलेच नसते. जुनी, वेगळी राहिलेली प्रत हाच सुधारणेचा आधार असतो.

याचे आधुनिक उदाहरण मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या ही विध्वंसक आज्ञावली कंपनीच्या जाळ्यात शिरली. कंपनीतील सर्व वापरकर्त्यांची ओळख पटविणारे जे सर्व्हर होते, त्यांच्या सुमारे दीडशे प्रतिकृती जगभर होत्या आणि त्या एकमेकींशी सतत जुळत असत. एक गेली तर दुसरी आहे, असा हिशेब होता. सगळ्या एकदम जातील हे कोणी धरले नव्हते. पण तसेच झाले. वाचली ती एकच, घाना देशातील कार्यालयातली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. तेथली माहिती माणसांकरवी हातोहात इंग्लंडला पोहोचविण्यात आली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. भारनियमनाला नावे ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी: जाळ्यापासून तुटलेली एक प्रत जोडलेल्या दीडशे प्रतींना भारी पडली.

तेव्हा रेप्लिकेशन की बॅकअप, असा प्रश्नच नाही. दोन्ही हवेत, आणि पैसा एकापुरताच असेल तर आधी बॅकअप.

दूर म्हणजे किती दूर?

१० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या संगणक केंद्राला आग लागली. एकाच आवारात चार इमारती होत्या. त्यांतील एक पाचमजली इमारत संपूर्ण जळाली आणि शेजारच्या दुसरीचा काही भाग गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु आपला बॅकअप आहे अशा समजुतीत असलेल्या अनेक ग्राहकांना त्या दिवशी कळले की तो त्याच आवारात होता. "रस्ट" या संगणकीय खेळाचे युरोपातील २५ सर्व्हर जळाले आणि त्यांवरील खेळाडूंची माहिती परत मिळाली नाही.

माझ्या शेजारच्या टेबलाची आणि त्या शेजारच्या इमारतीची गोष्ट एकच आहे. प्रत दूर असावी, आणि किती दूर हे अपघाताच्या आवाक्यावरून ठरवावे. आगीचा आवाका इमारतीपुरता किंवा आवारापुरता असतो. पुराचा खोऱ्यापुरता असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव हे जिल्हे एकाच वेळी पाण्याखाली होते, रस्ते तुटले होते, वीज नव्हती. त्या आठवड्यात बेळगावच्या महाविद्यालयाची प्रत कोल्हापुरात असून काय उपयोग होता? तीच बंगळूर, हैदराबाद किंवा इंदूर येथे असती तर सुखरूप राहिली असती.

दूर जाण्याची किंमतही असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पाचशे किलोमीटरच्या फेरीला, म्हणजे जाऊन येऊन हजार किलोमीटरला, पाच मिलिसेकंद लागतात. चांगल्या डिस्कवरील नोंद अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत होते. तेव्हा दोन्ही ठिकाणी नोंद झाल्याशिवाय पुढे न जाणारी पद्धत एवढ्या अंतरावर वापरली तर प्रत्येक नोंदीला दहापट वेळ लागेल. म्हणून शहरातल्या शहरात पहिली पद्धत आणि शहराबाहेर ठराविक अंतराने पाठविण्याची दुसरी, असा व्यवहार आहे.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी २००५ साली छायाचित्रे जपण्याबाबतच्या आपल्या पुस्तकात एक सोपा नियम दिला, तो आता सर्वत्र मानला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक परगावी. ३-२-१ एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

प्रत्यक्ष मांडणी

समजा एका महाविद्यालयाचे सहा आभासी सर्व्हर आहेत आणि त्यांची मिळून माहिती दोन टेराबाइट आहे. मी पुढील मांडणी सुचवीन. सर्व्हर चालविण्यासाठी प्रॉक्समॉक्स, त्याच इमारतीत पण वेगळ्या यंत्रावर पहिला बॅकअप सर्व्हर, आणि परगावी दुसरा. हे सारे सॉफ्टवेअर मुक्त आहे. खर्च यंत्रांचा, डिस्कांचा आणि विजेचा. परगावी जागा भाड्याने घेता येते. परंतु इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या एखाद्या महाविद्यालयाशी "तुमची प्रत आमच्याकडे, आमची तुमच्याकडे" असा लेखी करार केला तर भाड्याचाही प्रश्न राहत नाही.

रोज रात्री पूर्ण दोन टेराबाइटची नक्कल करण्याची गरज नसते. बॅकअप सर्व्हर आभासी डिस्कचे चार मेबिबाइटचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याची गणिती ओळख काढून ठेवतो. त्याच ओळखीचा तुकडा आधी साठविलेला असेल तर तो पुन्हा घेत नाही. शिवाय सर्व्हर चालू असेतोवर कोणता भाग बदलला याची खूण हायपरव्हायजर ठेवतो. त्यामुळे रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या बारा अशा तेवीस प्रती ठेवल्या तरी जागा तेवीसपट लागत नाही.

आता वेळेचा हिशेब. दर सेकंदाला शंभर मेगाबिटची जोडणी पूर्ण क्षमतेने चालली तरी दोन टेराबाइट जायला सुमारे ४४ तास लागतात. म्हणून पहिली प्रत डिस्कवर भरून माणसाबरोबर रेल्वेने पाठविणे हाच शहाणपणा. पुढे रोज दोन टक्के बदल झाला तर ४० गिगाबाइट जातील, त्यांना साधारण ५३ मिनिटे पुरतात. पण हाच हिशेब उलटाही लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सर्वच नष्ट झाले तर परत आणायलाही ४४ तास लागणार. निकाल दुसऱ्या दिवशी लावावयाचा असेल तर परगावच्या यंत्रावरच तो एक सर्व्हर चालू करण्याची तयारी हवी. तेथील यंत्र केवळ कोठार असून भागत नाही; एखाददुसरा सर्व्हर चालविण्याइतकी मेमरी त्यात असावी.

किल्ली कोणाच्या हाती?

जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या अमेझॉनवरील खात्यात एक खंडणीखोर शिरला. कंपनीने विरोध करताच त्याने माहिती आणि बॅकअप दोन्ही पुसले. दोन्ही एकाच खात्याच्या किल्लीने उघडत होते. कंपनीला धंदा बंद करावा लागला.

यावरून नियम असा: परगावच्या यंत्राने आपल्याकडून प्रत ओढून न्यावी. आपल्याकडील यंत्राला तिकडे लिहिण्याचा किंवा पुसण्याचा अधिकार असू नये. मग इकडे चोर शिरला तरी तिकडची किल्ली त्याला सापडणार नाही. प्रत ओढताना "मूळ ठिकाणी नाहीसे झालेले येथेही काढून टाकावे" असा एक पर्याय बॅकअप सर्व्हर देतो. तो निवडू नये. माझ्या हातून जी चूक झाली तिचेच ते छोटे रूप आहे.

प्रत परगावी जाण्यापूर्वी कूटबद्ध करावी. विद्यार्थ्यांचे पत्ते, जातीचे दाखले, गुण ही दुसऱ्याची ठेव आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानेही ती सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे. कूटलिपीची किल्ली मात्र कागदावर छापून कार्यालयाच्या तिजोरीत आणि दुसरी प्रत प्राचार्यांकडे द्यावी. ती सर्व्हरवरच ठेवली आणि सर्व्हर जळाला, तर परगावची प्रत असूनही वाचता येणार नाही.

परत आणून पाहणे

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दुय्यम डेटाबेसची प्रतिकृती मागे पडत होती. ती नव्याने सुरू करण्यासाठी रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या अभियंत्याने तिच्यातील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. पण ती दिली मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले तेव्हा ते लक्षात आले. मग बॅकअप शोधू लागले. रोजचा बॅकअप घेणारी आज्ञावली डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीची असल्याने काम न करताच थांबत होती, आणि ती थांबल्याची सूचना देणारी टपालेही मध्येच नाकारली जात होती. बॅकअपचे कोठार रिकामे निघाले. शेवटी एकाने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट उपयोगी पडला. त्या कंपनीचे कौतुक असे की तिने ही सारी हकीकत लपविली नाही. दुरुस्तीचे कामही जगाला थेट दाखविले.

गिटलॅबमध्ये व्यवस्था एकाहून अधिक होत्या. त्यांतील कोणतीही परत आणून पाहिलेली नव्हती. तेव्हा महिन्यातून एकदा एक सर्व्हर परगावच्या प्रतीवरून वेगळ्या, बंदिस्त जाळ्यात उभा करावा. तो चालू होतो का, डेटाबेस उघडतो का, कालची एखादी ठराविक नोंद त्यात आहे का, हे पाहावे. लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा. हे काम दर वेळी निराळ्या माणसाने करावे, कारण अपघाताच्या दिवशी जाणकार माणूस रजेवर असण्याची शक्यता असतेच. आणि बॅकअप झाल्याची सूचना आली नाही तर ती का आली नाही, हे विचारणारा एक माणूस नेमलेला असावा.

ओव्यांचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवितो. विद्यार्थी पुन्हा त्या गावांत गेले. ज्या बायका होत्या त्यांनी पुन्हा गायिले. ज्या नव्हत्या त्यांच्या ओव्या त्यांच्या सुनांना जेवढ्या आठवल्या तेवढ्या मिळाल्या. आता त्या सर्व मुद्रणांची एक प्रत महाविद्यालयात आहे, दुसरी शेजारच्या इमारतीत आणि तिसरी पाचशे किलोमीटरवर. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक विद्यार्थी त्या दूरच्या प्रतीतून एक ओवी किंवा एक पद परत आणतो आणि ते वर्गात लावतो. ऐकू आले की वहीत तारीख घालून सही करतो. आपल्या विभागात, ग्रंथालयात, कार्यालयात अशी वही आहे का, हे वाचकांनी एकदा विचारून पाहावे.